खुंटाला खत

१८ नोव्हेंबर, सोमवार

ही वही माझ्या बहिणीने, मेघाताईने, दिवाळीच्या आधी दिली. ती इथेच नागपुरात, धंतोलीत नर्स आहे. औषध कंपनीवाले वाटतात तसली वही, वर हृदयाचं चित्र. "चार गावं फिरून आला, दोन ओळी तं लिही," म्हणाली. मी रोज उद्यावर ढकलत होतो. एक दिवस पेन नव्हता. एक दिवस पेन होता तर सक्करदऱ्याच्या तलावात कोणी मगर पाहिली म्हणे, तिकडे गेलो. टायर होता. असे वीस दिवस गेले. खरं कारण म्हणजे लिहिण्यासारखं मी काही केलंच नाही. गोव्यात हॉटेलात भांडी, हैदराबादेत मोबाइलचं दुकान, सुरतेत चार महिने काय केलं ते मलाच नीट सांगता येणार नाही. बी. ए. दुसऱ्या वर्षाला सुटलं ते सुटलंच.

आज लिहितो, कारण आज काम मिळालं. तेही लिहिण्याचं.

माझा मित्र रोशन फ्लेक्सचं काम करतो, त्याच्यासोबत फ्लेक्स लावायला गेलो होतो, अखिल भारतीय उद्यानप्रेमी मंडळात. त्यांना साठ वर्षं झाली, अठरा जानेवारीला मोठं पुष्पप्रदर्शन आहे. तिथले म्हातारे कारकून ताराचंदकाका पावती लिहिताना म्हणाले, "गजभिये? सक्करदऱ्याचे? आनंदा माळ्याचा कोण गा तू?" म्हटलं, नातू. ते आत गेले आणि पाचच मिनिटांत अध्यक्ष मुकुंदराव खानझोडे साहेब स्वतः बाहेर आले. माझ्या पायात तुटकी चप्पल. साहेबांनी बसायला सांगितलं. मंडळाचा इतिहास लिहायचा आहे, जुन्या सभांच्या वह्या वाचून, स्मरणिकेत छापायला. "नव्या नजरेचा माणूस हवा," म्हणाले. मी कॉलेजच्या भित्तिपत्रकात लिहायचो ते सांगितलं. तेच कामी आलं असणार.

मग आबाजींची चौकशी केली. अजून आहेत? तब्येत कशी? घरी झाडंबिडं लावतात का? म्हटलं, एक गुलाब आहे अंगणात, त्याच्याशीच बोलतात, आमच्याशी कमी. साहेब हसले. एवढा मोठा माणूस इतक्या वर्षांनी नोकराची आठवण ठेवतो, बरं वाटलं.

घरी आबाजींना सांगितलं. ते तिथे पंचवीस वर्षं माळी होते. त्यानंतर कधी त्या रस्त्यानेही गेले नाहीत, एवढंच मला माहीत. मग त्यांनीच विचारलं.

"इतिहास म्हणजे, त्यात समद्यायचे नावं येतीन?"

"येतीन नं."

"मंग माझं लिहजो. आनंदा नाही. आनंदराव सोमाजी गजभिये. पुरं."

त्र्याऐंशी वर्षांच्या माणसाने माझ्याकडे आजवर पाण्याचा पेला सोडून काही मागितलं नव्हतं. मी म्हटलं, आबाजी, पहिल्याच पानावर टाकतो.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

मंडळाची स्थापना १९६४. थोरले खानझोडे साहेब, म्हणजे मुकुंदरावांचे वडील, आणि त्यांचे सहा मित्र. पहिल्या सभेत वाद झाला, जिल्हा मंडळ म्हणावं की प्रांतिक. थोरले साहेब म्हणाले, नागपूर देशाच्या मधोमध आहे, तेव्हा इथे जे निघेल ते अखिल भारतीयच. मग देहरादूनला बदली झालेला एक सभासद म्हणजे उत्तर विभाग, आणि कोणाची तरी बहीण मद्रासला होती ती दक्षिण विभाग. मी इतका हसलो की ताराचंदकाका डबा सोडून पाहायला आले.

दुपारी बाग पाहिली. मधल्या गोल वाफ्यात मंडळाचा मानाचा गुलाब आहे. संगमरवरी पाटी: "कुमुदिनी. १९८३. शोधकर्ते: कै. दा. वि. खानझोडे." कुमुदिनी थोरल्या साहेबांच्या बायकोचं नाव. जुन्या छापील यादीत या फुलाचं वर्णन आहे, आतून पिकल्या टेंभरासारखा, म्हणजे तेंदूच्या फळासारखा पिवळा-नारिंगी रंग. झाडाला मात्र गुलाबी, पाच पाकळ्यांची, रुपयाच्या नाण्याएवढी फुलं. झुपकेच्या झुपके.

घरी येऊन आबाजींना सांगितलं तर असे हसले की त्यांना ठसका लागला. मेघाताई धावत आली.

"खुंट हाय रे तो! खालून जंगली खुंट, वरून चांगल्याचा डोळा, म्हंजे काडीवरचा कोंब, भरतेत. खालचे फुटवे येळेवर नाही काढले तं वरचा मरते अन् खालचा माजते. वरचा कवाचा मेला. पाटी लावून खुंटाले खत घालून राहिले ते!"

"अन् खरा?"

आबाजींनी अंगणाकडे बोट केलं. आमचा गुलाब. त्याला दोन फुलं होती. मी आजवर नीट पाहिलंच नव्हतं. आतून खरंच टेंभराचा रंग. फोटो काढला. मागे घराची निळी भिंत छान आली.

"नवी जात काढाची तं फूल तोडाचं नसते," आबाजी आज बोलायच्या मूडमध्ये होते. "या फुलाचं केसर त्याले लावाचं, कागदाची टोपी घालाची, फळ धरू द्याचं. फळातलं बी पेराचं. शंभरातलं एक निंगते. साहेब लोकायले फळ नाही चालत, झाड थकते म्हन्तेत. अन् नाव काय देल्लं? कुमुदिनी. पाण्यातल्या फुलाचं नाव गुलाबाले!"

मी विचारणार होतो की ही जात काढली कोणी, तेवढ्यात रोशनचा फोन आला, लकडगंजात लोखंडी फ्रेम आणायला जायचं होतं.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

आज साहेबांना मी चांगलंच चकित केलं. म्हटलं, साहेब, तुमचा मानाचा गुलाब म्हणजे खुंट आहे. खरी कुमुदिनी आमच्या अंगणात. मोबाइलवर फोटो दाखवला.

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मला वाटलं रागावतील. ते म्हणाले, "हा फोटो पाठवा मला." आणि मला स्टीलच्या पेल्यात नाही, कपबशीत चहा आला. निघताना म्हणाले, "प्रशिकराव, स्मरणिकेसाठी त्या झाडाच्या काड्या आणता का? फोटो काढू. फुलं नकोत. पेन्सिलीएवढ्या जाड काड्या, पानं छाटून, ओल्या फडक्यात गुंडाळून. जितक्या मिळतील तितक्या. आणि आनंदांना कशाला त्रास देता, तुम्हीच आणा."

प्रशिकराव! घरी सांगितलं तर मेघाताई म्हणाली, "राव झाला का तू? मंग भांडे घास आता."

२५ नोव्हेंबर, सोमवार

आबाजी सकाळी बुद्धविहारात गेले तेव्हा काड्या कापल्या. सात होत्या, सातही. फोटोच काढायचा तर भरगच्च दिसावा म्हणून. ओल्या फडक्यात नेल्या. साहेब स्वतः दारात उभे होते. एक नवा माळी चाकू परजून बसला होता. फोटोग्राफर आलेला नव्हता, म्हणाले येईल. मी थांबलो नाही, बर्डीवर तर्री पोहे खाऊन घरी.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

आबाजी काल विहारातून आले ते थेट अंगणात गेले. आज सकाळी झाडाजवळ बसले होते. झाड म्हणजे सात थुटं. बुंध्याशी माती उकरत होते. मातीत काहीतरी चमकलं, डालड्याच्या डब्याच्या पत्र्याची पट्टी, खिळ्याने ठोकून आकडे: ७९-१४. त्यांनी ती पुसली आणि परत गाडली.

"हे काय आबाजी? गाडीचा नंबर?"

"वर बांधली तं कोणी बी बदलते," एवढंच. मग माझ्याकडे न बघता, "पानं छाटून मांगतल्या होत्या का काड्या?"

"हो."

"ओल्या फडक्यात?"

"हो. फोटोसाठी."

"फोटोले," ते म्हणाले. "प्रदर्शन किती तारखेले हाय?"

"अठरा जानेवारी."

ते बोटांच्या पेरांवर मोजत बसले. मग "चोपन" म्हणाले. काय चोपन, विचारलं. "काही नाही. जाय तू." वय झालं, माणूस कुठलं काय मोजेल. मेघाताई मला म्हणाली, "तुले अक्कल कवा येईन रे?" पण का ते सांगितलं नाही.

९ डिसेंबर, सोमवार

आबाजी माझ्याशी बोलत नाहीत. सहा तारखेला पांढरा सदरा घालून दीक्षाभूमीवर गेले, मी गाडी काढली तर ऑटो केला. घरी दिवसभर त्या थुटांजवळ. मेघाताईकडून सरकीची ढेप मागवतात, पाण्यात कुजवतात. अंगणात वास सुटला आहे.

इकडे मंडळात हिरव्या जाळीखाली चाळीस कुंड्या दिसल्या, प्रत्येक खुंटावर प्लॅस्टिकची पट्टी बांधलेली. डोळे भरलेत, ताराचंदकाका म्हणाले.

"कशाचे?"

"तू आणलेल्या काड्यायचे." काका मान खाली घालून पावत्या फाडत होते. "चाळीसातले चौतीस लागले."

मेलेली कुमुदिनी पुन्हा जिवंत झाली, माझ्यामुळे. अभिमान वाटला. मग घरी येईपर्यंत कुठेतरी तो उतरला. कुठे ते कळलं नाही.

काकांनी आज प्रदर्शनाची रीत सांगितली. गुलाब छाटला की पन्नास-पंचावन्न दिवसांत फुलतो, म्हणून सगळे बंगलेवाले तारीख बघून छाटतात. फुलं माळी आणतो, मागच्या दाराने. टेबलावर बाटलीत लावतो आणि परीक्षक यायच्या आत निघून जातो. चिठ्ठीवर नाव मालकाचं. चिठ्ठी घडी घालून ठेवतात, बाहेर फक्त वर्ग आणि नंबर, परीक्षकाने फूल बघावं, माणूस नाही. बक्षीस लागलं तर मालकाला चषक, माळ्याला टॉवेल-टोपी. "तुझ्या आबाजीले तेवीस टावेल भेटले होते," काका म्हणाले. आमच्या घरी त्यातला एकही मी पाहिला नाही.

१९७९ च्या वहीत एक नोंद सापडली, गंमत म्हणून उतरवतो: "माळी आनंदा याने मा. चिटणीसांच्या गुलाबावर परवानगीशिवाय फळे धरू दिली व कागदाच्या टोप्या घालून झाडे विद्रूप केली, सबब सक्त ताकीद." कागदाच्या टोप्या! आबाजी तेव्हाही वात्रटच होते.

२९ डिसेंबर, रविवार

लिहावं की नाही, पण लिहितो.

१९९१ ची वही. साठ वर्षांच्या सगळ्या वह्या मी वाचल्या. त्या ताकिदीशिवाय आबाजींचं नाव त्यात एकदाच आलं आहे: "माळी आनंदा याने मंडळाच्या मालकीच्या 'कुमुदिनी' गुलाबाचे चार डोळे चोरून नेल्याचे उघड झाल्याने त्यास आजपासून कामावरून कमी करण्यात येत आहे." खाली थोरल्या साहेबांची सही. एकमताने मंजूर.

चार डोळे. दोन बोटांत मावतात. तेच आमच्या अंगणात झाड झालं. आणि मी सात काड्या ओल्या फडक्यात गुंडाळून परत नेऊन दिल्या. मला कपबशीत चहा मिळाला.

३० डिसेंबर, सोमवार

वही घेऊन साहेबांसमोर उभा राहिलो. भांडायचं ठरवून गेलो होतो. ते अजिबात चिडले नाहीत, तिथेच माझं गाडं अडलं.

"चोरी हा शब्द आपण छापणार नाही. माझ्याकडून एवढं तुमच्या आजोबांसाठी."

"साहेब, त्यांचं नाव टाकायचं आहे. पूर्ण."

"जरूर. आभाराच्या पानात. 'माळी म्हणून दीर्घ सेवा.' आठ तारखेला प्रूफ येईल, तुम्ही स्वतः बसून घाला. आणि तुमचं नाव आतल्या पानावर, सहसंपादक प्रशिक गजभिये. चालेल?"

मी हो म्हटलं. हे इथे लिहून ठेवतो म्हणजे पुढे कधी मला दुसरंच काही आठवणार नाही. तोंडातून एवढंच निघालं, हो.

बाहेर ताराचंदकाका म्हणाले, "आमचा बाप उमरेडचा विणकर. लुगडं तो विणे, काठावर दुकानदाराचा शिक्का. मी बी तेच पाहात बसलो इथं चाळीस वर्षं. तुले का बोलू?"

१० जानेवारी, शुक्रवार

आठ तारखेला मी नव्हतो.

सात तारखेला रोशन म्हणाला, उमरेड-कऱ्हांडल्यात वाघ रस्त्यावर येऊन राहिला, चल. मला वाटलं सकाळी जाऊ, संध्याकाळी परत. गाडी पंक्चर झाली, मग रोशनच्या मावशीकडे जेवण, मग दुसऱ्या दिवशी पुन्हा वाघासाठी. वाघ दिसला नाही. फोन बंद पडला होता. काल परत आलो तोवर स्मरणिका छापायला गेली होती.

"आम्ही तुमची संध्याकाळपर्यंत वाट पाहिली," साहेब म्हणाले. ते खोटं बोलत नव्हते. काकांनी मान हलवली. दहा वेळा फोन लावला म्हणे.

कोणी मला फसवलं असतं तर बरं झालं असतं. मला रागवायला कोणीतरी हवा आहे आणि प्रत्येक वेळी मीच सापडतो.

घरी आबाजींना सांगायला अंगणात गेलो. थुटांना हातभर लालसर फुटी आल्या होत्या, काही खुडलेल्या, एकाच फांदीवर कळी ठेवलेली. ऊन कमी लागावं म्हणून तिच्यावर मेघाताईच्या जुन्या ओढणीचं छप्पर. मी उभा राहिलो. ते वळले नाहीत. मी न सांगता आत आलो.

१७ जानेवारी, शुक्रवार

प्रवेशद्वारावर रोशननेच फ्लेक्स लावला, वीस बाय दहा. "मंडळाने चाळीस वर्षे जिवापाड जतन केलेली कुमुदिनी. उद्या रोपांचे वितरण." फोटो मी काढलेला. मागे आमची निळी भिंत, आणि कोपऱ्यात दोरीवर वाळणाऱ्या मेघाताईच्या युनिफॉर्मची एक बाही. कापायची राहून गेली.

रोशन शिडीवरून म्हणाला, "अबे, हे तं तुमचं आंगण हाय." म्हटलं, हो. "मंग बोलत काहून नाही?" मी शिडी धरून ठेवली.

स्मरणिका आली. इतिहास अठरा पानं, चांगला छापला आहे. देहरादूनचा विनोदही ठेवला. पान चौदावर १९८१ चा फोटो: खुर्च्यांवर पदाधिकारी, सगळ्यांची नावं. मागे उभे चार जण, त्यातले एक आबाजी, चाळिशीचे, ताठ. खाली, "मागे उभे: माळी वर्ग." आतल्या पानावर सहसंपादक प्रशिक गजभिये, ठळक अक्षरात.

एक प्रत घरी आणली, गादीखाली ठेवली. आबाजी जेवताना मेघाताईला म्हणाले, "मास्तरनं इतिहास आणला का?" मास्तर म्हणजे मी. मेघाताईने माझ्याकडे पाहिलं. ती उठली, गादीखालून प्रत काढली आणि त्यांच्यासमोर ठेवली. आबाजींनी हात धुतले, पुसले, पानं उलटली. त्यांना सावकाश वाचता येतं. शेवटच्या पानापर्यंत गेले. मग बंद करून ती परत तिच्या हातात दिली.

"सकाळी ड्युटी किती वाजता हाय वं तुझी?" त्यांनी तिला विचारलं.

१८ जानेवारी, शनिवार

वही आणली नाही, कोऱ्या चिठ्ठ्यांच्या मागे लिहितो आहे, नंतर चिकटवीन. सकाळचे आठ चाळीस. सभागृहात नोंदणीच्या टेबलावर मला बसवलं आहे. फुलं येतात, मी वर्ग विचारतो. अ म्हणजे उद्यानमालक, ब म्हणजे संस्था, क म्हणजे माळी. नाव लिहायचं, घडी घालायची, नंबर द्यायचा. नऊला नोंदणी बंद, दहाला परीक्षक. आतापर्यंत एकशे बारा चिठ्ठ्या. फुलं आणणारे सगळे मागच्या दाराने आले आणि गेले. एकाचंही नाव मी लिहिलं नाही, कारण एकानेही आपलं सांगितलं नाही.

मंडळाच्या टेबलावर कुमुदिनीची चौतीस रोपं मांडली आहेत, रिबिनी बांधून. त्यांना फूल नाही, अजून वेळ आहे. आज पूर्ण नागपुरात त्या जातीचं फूल कुठे असणार? मुळात एकच मोठं झाड, ते मी छाटलं, पंचवीस नोव्हेंबरला.

हात थांबला. पेरांवर मोजलं. पंचवीस नोव्हेंबर ते अठरा जानेवारी. चोपन.

ताराचंदकाका पुढच्या दाराकडून येत आहेत. धावतात, चाळीस वर्षांत कोणी त्यांना धावताना पाहिलं नसेल. टेबलाला धरून उभे राहिले, दम लागला आहे.

"प्रशिक, तुझा आबाजी आला गा. मेघाच्या स्कुटीवर. हाती बाटली, बाटलीत फूल, टेंभरावाणी रंग. बाटलीच्या गळ्याले पत्र्याची पट्टी बांधली हाय, एकोणऐंशी-चौदा लिहिलं हाय त्यावर."

एकोणऐंशी साल, चौदावं बी. फळे धरू दिली, कागदाच्या टोप्या घातल्या, सबब सक्त ताकीद. माझ्याच अक्षरात, गंमत म्हणून.

"चौकीदार सोडून नाही राहिला," काका म्हणाले. "माळ्यायचं दार मांगून हाय म्हन्ते. तो म्हातारा म्हन्ते, मी अ वर्गात नाव द्याले आलो. मोठ्या गेटातच उभा हाय, हलून नाही राहिला. नवाले वीस मिनिटं हायेत."

एक कोरी चिठ्ठी घेतली आहे. वर्ग: अ. प्रदर्शकाचे नाव: आनंदराव सोमाजी गजभिये. जातीच्या नावापुढे पेन थांबला आहे, हे फूल ते कोणत्या नावाने हाक मारतात, हे मी कधी विचारलंच नाही. विचारायला गेटवर जातो.